अठरा भरतात

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी
बिटको चौकाच्या मागे, अहिरावांच्या झेरॉक्सच्या दुकानात
शटर अर्धं खाली ओढून
आम्ही सहा-सात जण एकमेकांच्या कविता ऐकतो.
मशीन बंद केलं तरी तासभर गरम असतं,
थंडीत तांबोळी त्यालाच पाठ लावून बसतात.
घड्याळं दुरुस्त करतात ते. कविता मात्र
कधीच वेळेत संपवत नाहीत.

डेर्ले ओझरहून येतात, पिशवीत द्राक्षं, वहीत चंद्र.
प्रत्येक कवितेत चंद्र.
गांगुर्डे सिस्टर एकदा म्हणाली,
"काका, एक महिना अमावास्या पाळा."
पाळली त्यांनी. पुढच्या खेपेला
कविताच आणली नाही, नुसती द्राक्षं.

माझं काम चुका काढायचं.
कुणी दिलं नाही, मी घेतलं.
एकतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्या:
शाई फाकलेली, आकडा सरकलेला,
अख्ख्या तावात एक रेघ कमी असली
तरी बोट आपोआप तिथंच जाऊन थांबायचं.
मग फुली. मग ताव बाद.

वाजे आला तो मार्चमधला शनिवार.
एकलहऱ्याच्या वीज केंद्रात टर्बाइनपाशी ड्यूटी,
म्हणून मोठ्यानं बोलतो,
आणि मोठ्यानं बोललो म्हणून लगेच ओशाळतो.
शाळेची वही, मागे पाढे छापलेले.
बायकोवर कविता होती. तिला जाऊन चौदा महिने.
सोळा-सोळा मात्रांच्या वीस ओळी,
मोजून-मापून, घाम गाळून बसवलेल्या,
आणि अकरावी

*ती गेली; तिसरी शिट्टी बाकी*

मी पेरांवर मोजलं.
"अठरा भरतात," म्हणाले.
"आणि वाजे, शोकाच्या कवितेत कुकर?"
तांबोळी म्हणाले, राहू द्या की.
अहिराव म्हणाले, ताईंचं बरोबर आहे,
वरच्या ओळीतली समई आणि हा कुकर
एका घरातले वाटत नाहीत.
दहा मिनिटं आम्ही कुकरवर बोललो.
वरणाचा की भाताचा, इथपर्यंत गेलो.
सिस्टर तेवढी गप्प, पेनचं टोपण काढत, लावत.
वाजे ऐकत होता, तोंडी परीक्षेला बसल्यासारखा.
मग त्यानं पट्टी मागितली.
ओळ खोडायला पट्टी!
निळी रेघ, सरळ, दोनदा.

दिवाळीत छापून आली.
वीसच्या वीस ओळी सोळाच्या.
अकराव्या जागी आता वात विझत होती.
आम्ही पेढे खाल्ले.

त्यातलं मला काही आठवत नाही.
वात होती, एवढं आठवतं.
पण सकाळी दहाच्या सुमारास
जेल रोडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये
चार मजल्यांवर चार कुकर लागतात,
दुसरी शिट्टी होते
आणि माझा हात असेल तिथं थांबतो.
कोथिंबिरीच्या काडीवर. इस्त्रीच्या मुठीवर.
एकदा जिन्यात; उगले वहिनी म्हणाल्या,
चक्कर येतेय का?
तिसरी होईपर्यंत मी उभी.
एकदा झालीच नाही.
कुणीतरी गॅस बंद केला असेल.

परवाच्या शनिवारी मुद्दाम लवकर गेले.
वाजे सायकलला कुलूप लावत होता.
म्हटलं, ती ओळ परत घाल.
"कुठली ओळ, ताई?"
मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, उजेडात धरून पाहावं तसं.
काही सापडलं नाही.

मग मीच म्हणून दाखवली,
रिक्षावाल्यांच्या ओरड्यात, तिथंच फुटपाथवर,
सगळी, मधल्या थांब्यासकट.

त्यानं ऐकली.
अंगठा करंगळीपासून पेरांवर फिरत गेला,
एकदा, मग पुन्हा पहिल्यापासून.
"अठरा भरतात, ताई," म्हणाला,
हळू आवाजात.